वेगाचा वर्ग येतो कुठून?

‘वेग दुप्पट, तर धडकही दुप्पट’ अशा अर्थाचं वाक्य रस्तासुरक्षेच्या संदेशांत अधूनमधून वाचायला मिळतं. हेतू चांगला आहे, गणित मात्र चुकलेलं आहे. आणि चुकलंय तेही नको त्या बाजूला, कारण त्यातून धोका आहे त्याहून कमी दिसतो.

एक कोडं घालतो. दोन अगदी सारख्या गाड्या शेजारी-शेजारी चालल्या आहेत. एक ताशी ५० किलोमीटर वेगाने, दुसरी ताशी ७०. पुढे अडथळा दिसला आणि दोघींचे ब्रेक रस्त्यावरच्या एकाच रेषेपाशी, सारख्याच ताकदीने लागले. ५० वाली गाडी अडथळ्याला जेमतेम टेकण्याआधी थांबली. मग ७० वाली त्या अडथळ्यावर किती वेगाने आदळेल?

बहुतेक जण ७० मधून ५० वजा करून २० म्हणतात. खरं उत्तर ४९ आहे. एक गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे दुसरी जवळपास पन्नासच्या वेगाने पोचते. चालकाच्या प्रतिक्रियेचा वेळ धरला तर हा आकडा आणखी वाढतो, कारण ब्रेकवर पाय पडेपर्यंत वेगवान गाडी जास्त अंतर पुढे गेलेली असते.

हे ४९ आले कसे? शाळेत शिकलेलं आठवा. बलाला त्या बलाच्या दिशेत झालेल्या विस्थापनाने गुणलं की कार्य मिळतं, आणि जेवढं कार्य होतं तेवढीच गतिज ऊर्जा बदलते. ती ऊर्जा असते वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. दोन्ही गाड्यांचं वस्तुमान सारखं, म्हणून फक्त वर्ग बघू. ५० चा वर्ग २५००, ७० चा ४९००. अडथळ्यापर्यंतचं अंतर दोघींना सारखं, ब्रेकचं बलही सारखं, तेव्हा दोघींची ऊर्जाही सारखीच कमी झाली, २५०० ने. ४९०० मधले २४०० उरले. त्याचं वर्गमूळ काढलं की ४९.

सूत्रात घातलं, उत्तर आलं. पण वर्गच का? हा प्रश्न वर्गात फारसा कुणी विचारत नाही, कारण परीक्षेत तो येत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला तोच एक प्रश्न खऱ्या अर्थाने रंजक आहे.

ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. समजा ब्रेक दर सेकंदाला वेगातले ५ मीटर प्रति सेकंद कमी करतो. १० च्या वेगाने जाणारी गाडी २ सेकंदांत थांबेल. त्या काळात तिचा सरासरी वेग ५, म्हणून ती १० मीटर जाईल. आता २० च्या वेगाची गाडी घ्या. तिला थांबायला ४ सेकंद लागतील, सरासरी वेग १०, अंतर ४० मीटर. थांबायला वेळ दुप्पट लागला, आणि त्या दुप्पट वेळात गाडी सरासरी दुप्पट वेगाने धावत होती. दोन दुपटींचा गुणाकार झाला, तोच वर्ग.

म्हणजे असं की ब्रेक दर सेकंदाला सारखाच वेग काढून घेतो, आणि दर मीटरला सारखीच ऊर्जा. ७० वाली गाडी सुरुवातीचे मीटर इतक्या झटक्यात पार करते, की तेवढ्या अंतरात ब्रेकला काम करायला सेकंदच थोडे मिळतात. बलाला वेळेने गुणा, संवेगातला (वस्तुमान गुणिले वेग, यातला) बदल मिळतो. त्याच बलाला अंतराने गुणा, ऊर्जेतला बदल मिळतो. एकाच बलाचा हिशेब दोन वह्यांत लिहायचा, एक वही घड्याळाची आणि एक मोजपट्टीची.

या दोन वह्यांवरून युरोपात काही दशकं कडाक्याचं भांडण चाललं. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४४ मध्ये गतीचं माप म्हणून वस्तुमान गुणिले वेग ही राशी धरली होती. जर्मन गणिती लायब्निट्झने १६८६ मध्ये ती खोडून काढणारा छोटासा लेख लिहिला. त्याचा युक्तिवाद आजही वाचावा असा आहे. १ किलोची वस्तू ४ मीटर उचलायला जेवढे श्रम लागतात, तेवढेच ४ किलोची वस्तू १ मीटर उचलायला लागतात. (एकेक किलो चारदा उचला, झालं.) मग त्या खाली पडतील तेव्हा दोघींची ‘ताकद’ही सारखीच असायला हवी. गॅलिलिओने दाखवलं होतं की चौपट उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग चौपट होत नाही, दुप्पट होतो. तेव्हा हलक्या वस्तूसाठी वस्तुमान गुणिले वेग हे १ गुणिले २ म्हणजे २, आणि जडसाठी ४ गुणिले १ म्हणजे ४. जुळत नाही. वेगाचा वर्ग घ्या, दोन्हीकडे ४ येतात.

१७२२ मध्ये डच प्राध्यापक ग्राव्हेसांडे याने हेच मऊ मातीवर करून पाहिलं. वेगवेगळ्या वजनांचे, पण सारख्याच आकाराचे पितळी गोळे तो वेगवेगळ्या उंचीवरून टाकत असे. गोळा जितका जड, तितकी उंची कमी, असं प्रमाण ठेवलं की मातीत खड्डे सारखे पडत. खड्ड्याचा हिशेब वर्गाशी जुळला, नुसत्या वेगाशी नाही. हा प्रयोग पुढे फ्रेंच विदुषी एमिली द्यु शातले यांनी १७४० च्या आपल्या पदार्थविज्ञानाच्या ग्रंथात उचलून धरला. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चं फ्रेंच भाषांतरही त्यांचंच. न्यूटनचा अभ्यास इतका पक्का असूनही वर्गाच्या बाबतीत त्या लायब्निट्झच्या बाजूने उभ्या राहिल्या, हे मला विशेष वाटतं. सूत्रातला तो ‘भागिले दोन’ आणि ‘कार्य’ ही रीतसर संज्ञा यायला मात्र १८२९ साल आणि फ्रेंच अभियंता कोरिओलिस उजाडावा लागला. देकार्तची राशीही फुकट गेली नाही. दिशा धरून मोजली की तोच संवेग, आणि तोही अक्षय्य राहतो.

धडकेचं बल किती, हेही मोजपट्टीच्या वहीत सापडतं. ७० किलोचा माणूस सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल तर त्याची गतिज ऊर्जा १४,००० ज्यूल. पट्टा, एअरबॅग आणि गाडीचा चेपणारा पुढचा भाग मिळून त्याला अर्ध्या मीटरमध्ये थांबवत असतील, तर सरासरी बल २८,००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ तीन टनांचा भार. पट्टा नसेल आणि समोरच्या कडक भागावर आपटून तो ५ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्या दहापट. ऊर्जा तीच, अंतर बदललं.

आता मला आवडणारा भाग. इथे कागद-पेन्सिल घेतलेली बरी.

१००० किलोची गाडी थांबलेल्या स्थितीतून सेकंदाला १० मीटर या वेगाला नेली, तर तिला ५०,००० ज्यूल मिळाले. १० वरून २० वर नेली, तर एकूण २,००,००० झाले, म्हणजे या दुसऱ्या टप्प्यात १,५०,००० ज्यूल लागले. वेगातली वाढ तेवढीच, खर्च तिप्पट.

पण शेजारच्या रुळावरून त्याच दिशेने १० च्याच वेगाने एक आगगाडी चालली आहे, आणि खिडकीतून कुणी हे बघतंय असं समजा. त्या प्रवाशाच्या दृष्टीने मोटार आधी स्थिर होती आणि मग १० च्या वेगाला पोचली. तो मोजेल ५०,००० ज्यूल. इंजिनात जळालेलं इंधन मात्र एकच आहे. रस्त्यावरच्या माणसासाठी जास्त जळालं आणि प्रवाशासाठी कमी, असं होऊ शकत नाही. मग प्रवाशाच्या हिशेबातले १,००,००० ज्यूल गेले कुठे?

ते पृथ्वीकडे गेले. थट्टा नाही. गाडी पुढे जाते कारण टायर रस्त्याला मागे ढकलतात. गाडीचा संवेग १०,००० एककांनी वाढला, तर पृथ्वीचा उलट दिशेने तेवढाच वाढला. रस्त्यावर उभ्या माणसासाठी पृथ्वी स्थिर आहे. तिचं वस्तुमान इतकं अवाढव्य, की तिला मिळालेला वेग आणि त्याची ऊर्जा दोन्ही शून्यच धरावीत. प्रवाशासाठी मात्र पृथ्वी आधीपासूनच मागच्या दिशेने १० च्या वेगाने पळते आहे. पळणाऱ्या वस्तूला तिच्याच दिशेने ढकललं की तिला मिळणारी ऊर्जा संवेगातला बदल गुणिले वेग एवढी असते. १०,००० गुणिले १०, म्हणजे १,००,००० ज्यूल. त्यात गाडीचे ५०,००० मिळवा. १,५०,०००. हिशेब चोख.

आणखी एक निरीक्षक घ्या, त्याच दिशेने २० च्या वेगाने जाणारा. त्याला मोटार आधी १० ने मागे जाताना दिसते आणि शेवटी स्थिर होते. म्हणजे तिची ऊर्जा ५०,००० ने कमी झाली! पण त्याच्यासाठी पृथ्वी २० ने मागे जाते आहे, तिला २,००,००० मिळाले. बेरीज पुन्हा १,५०,०००.

यातून एक विचित्र वाटणारी गोष्ट निघते. रस्त्यावरच्या माणसाच्या चौकटीत, म्हणजे तो स्वतःला स्थिर धरून मोजतो तेव्हा, रस्ता गाडीला पुढे ढकलतो खरा, पण तिला एक ज्यूलही देत नाही, कारण टायरचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणी स्थिर असतो. बल लागलं, पण जिथे लागलं तिथे विस्थापन नाही, म्हणून कार्य शून्य. ऊर्जा सगळी इंजिनातून आली. बल देणारा आणि ऊर्जा देणारा एकच असायला हवा, असं कुठेही लिहिलेलं नाही. प्रवाशाच्या चौकटीत मात्र तो टेकलेला भाग मागे सरकतो आहे, तेव्हा तिथे कार्य होतं. कार्य आणि गतिज ऊर्जा हे आकडे कोण मोजतोय यावर ठरतात. इंजिनात किती इंधन जळलं, हे त्यावर ठरत नाही.

म्हणूनच ‘या वस्तूत ऊर्जा भरलेली आहे’ असं कुणी मोघम म्हणालं की माझे कान टवकारतात. ऊर्जा हा पदार्थ नाही. तो काढायचा आकडा आहे, आणि तो कशाच्या सापेक्ष हे सांगावं लागतं. घरातली ‘सकारात्मक ऊर्जा’ वाढवणारे खडे आणि पिरॅमिड विकणाऱ्यांना एकच विचारावं, किती ज्यूल, आणि मोजले कशाने? इंधनाच्या नळीला चुंबक लावून मायलेज वाढवून देणारे आणि नुसत्या पाण्यावर इंजिन चालवून दाखवणारे याच पंगतीतले. पाणी ही हायड्रोजन जळून झालेली राख आहे. ती फोडायला निदान तेवढी ऊर्जा घालावी लागते जेवढी पुन्हा जाळून मिळेल.

वेगाचा वर्ग खर्चच वाढवतो असं नाही. अंतराळयानांना तो उपयोगी पडतो. इंजिन यानाचा वेग सेकंदाला १ किलोमीटरने वाढवतं असं धरा. यान ३ किलोमीटर प्रति सेकंद वेगाने जात असताना ते पेटवलं, तर यानाच्या प्रत्येक किलोला ३५ लाख ज्यूल मिळतात. तेच १० किलोमीटर प्रति सेकंद वेगाला पेटवलं, तर १ कोटी ५ लाख. इंधन तेवढंच, मिळकत तिप्पट. ढकलायला इथे पृथ्वी नाही, मग ही जास्तीची ऊर्जा कोण देतं? इंधनच. टाकीतलं इंधनही यानाबरोबर १० च्या वेगाने धावत असतं, म्हणजे जळण्याआधीच त्याच्याकडे भरपूर गतिज ऊर्जा असते. यानाच्या सापेक्ष सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने ते मागे फेकलं गेलं की त्याचा वेग ७ वर येतो. त्याने गमावलेली ऊर्जा यानाच्या खात्यात जमा होते. स्थिर यानातून फेकलेला वायू याच्या उलट, स्वतःच ऊर्जा घेऊन निघून जातो.

रॉकेटविज्ञानाचा एक प्रणेता हर्मन ओबर्थ याने हे १९२० च्या दशकात मांडलं, आणि त्याच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. लंबवर्तुळाकार कक्षेत यान पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतं तेव्हा त्याचा वेग सर्वांत जास्त असतो. २०२३ मध्ये चांद्रयान-३ ची कक्षा लांब-लांब करत नेताना इंजिन पेटवलं ते त्या जवळच्या बिंदूपाशी, आणि १ ऑगस्टला यानाला चंद्राच्या वाटेवर ढकलणारा धक्काही तिथेच दिला गेला.