पामचं गोत्र विचारून घ्या

"हे हायब्रीड आहे, म्हणून बाराशे," नर्सरीवाला म्हणाला. शेजारी अगदी तसंच दिसणारं रोप साडेतीनशेला होतं. "हायब्रीड म्हणजे कशाकशाचं?" मी विचारलं. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पामचंच की!"

उत्तर चूक नव्हतं. पण लग्नपत्रिकेवर नुसतंच 'एक मुलगा आणि एक मुलगी' छापावं, तसं ते होतं. पामच्या बाबतीत तर आईबापांची नावं कळल्याशिवाय हायब्रीड या शब्दाला काही किंमतच नाही. आंब्याशी ताडून बघितलं की हे चटकन लक्षात येतं.

रत्ना हा आंबा नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आला. तो मनासारखा निघाला आणि मग त्या एका झाडाची कलमं बांधून लाखो झाडं झाली. म्हणजे संकर एकदाच करायचा, पुढे नुसत्या नकला काढायच्या. पामला ही सोय नाही. आंब्याच्या सालीखाली वाढत्या पेशींचा एक ओलसर थर असतो. दोन फांद्यांचे हे थर एकमेकांना भिडले की कलम धरतं. माडाचं तोडलेलं खोड बघा, त्यात असा थर नसतो. सगळ्या खोडभर सुटे धागे विखुरलेले दिसतात. त्यामुळे डोळा भरणं नाही, कलम नाही, फांदीच नाही म्हणून गुटीही नाही. वाढणारा कोंब शेंड्याला एकच. तो गेला की एकखोडी पाम गेला. अरेका पामसारखी बेटं करणारी जात फोडून लावता येते, खजुराची रोपं ऊतिसंवर्धनाने तयार होतात. पण शोभेच्या बहुतेक पामांना बी हाच एक मार्ग आहे.

म्हणजे प्रत्येक खऱ्या हायब्रीड रोपामागे कोणीतरी शिडी लावून वर गेलेलं असतं.

वर जाऊन नेमकं काय करायचं, ते माडाच्या पोयीत, म्हणजे फुलोऱ्यात, सगळ्यात स्वच्छ दिसतं. पोय फुटली की आतून पिवळसर काड्यांचा झुबका बाहेर येतो. प्रत्येक काडीवर टोकापर्यंत गव्हाच्या दाण्यासारखी नरफुलं दाटलेली असतात, एकेका काडीवर दोन-अडीचशे. बुडाशी मात्र एखाद-दुसरं गोल, सुपारीएवढं मादीफूल. नरफुलं टोकाकडून खाली उमलत येतात आणि झडत जातात. उंच माडात हा कार्यक्रम साधारण तीन आठवडे चालतो. ती सगळी झडून गेली की मग मादीफुलांच्या टोकाशी तीन पाकळ्यांसारखी फट पडते, मधाचा थेंब दिसतो आणि ती चार-पाच दिवसांपुरती परागकण घ्यायला तयार होतात. त्याच पोयीतला बाप तोवर जमिनीवर पडलेला असतो! म्हणून उंच माड सहसा दुसऱ्या झाडाच्या परागावर धरतो. ठेंगू माडात, ज्याला कोकणात सरसकट सिंगापुरी म्हणतात त्यात, दोन्ही वेळा एकमेकींवर येतात आणि झाड घरच्या घरी फळतं.

वेळेची ही चुकामूक किती महाग पडू शकते ते मॉरिशसमध्ये क्युरपीपच्या उद्यानात दिसतं. तिथे हायोफोर्बे अमॅरिकॉलिस या पामचं एकच झाड शिल्लक आहे, जगात एकच. त्याला नरफुलंही येतात आणि मादीफुलंही. पण नरफुलं आधी येऊन जातात. दुसरं झाड नाही, त्यामुळे त्याचा वंश वाढवण्यासाठी माणसांना वर्षानुवर्षं खटपट करावी लागते आहे.

संकर करणारा माणूस याच वेळापत्रकात हात घालतो. पोय फुटल्या फुटल्या काड्यांचे शेंडे छाटायचे, उरलेली नरफुलं बोटांनी खुडायची, पोयीला कापडी पिशवी बांधायची. दुसऱ्या जातीची नरफुलं आणून वाळवायची, चाळायची, परागकण टाल्कम पावडरमध्ये मिसळायचे आणि मादीफुलं तयार झाली की ती पूड रोज फुंकायची, कारण सगळी फुलं एकाच दिवशी तयार होत नाहीत. त्यानंतर नारळ पिकायला जवळजवळ वर्ष, रुजायला आणखी काही महिने. जे. एस. पटेल यांनी १९३२ मध्ये आजच्या केरळमधल्या नीलेश्वरला हे ठरवून केलं: उंच वेस्ट कोस्ट टॉल आई आणि ठेंगू चावक्काड ग्रीन बाप. या संकरातून आलेली झाडं आईबापांपेक्षा जोमदार आणि लवकर फळणारी निघाली. नारळाच्या संकराच्या इतिहासातला हा एक मोठा टप्पा, आपल्याच किनाऱ्यावरचा.

हा जोम येतो कुठून? प्रत्येक जातीच्या जनुकांत काही लंगड्या प्रती दडलेल्या असतात. ठेंगू माडासारखं पिढ्यानपिढ्या घरच्या घरी फळणारं झाड असलं की त्या जोडीने उघड्या पडतात. वेगळ्या घराण्यातला जोडीदार आला की एकाची लंगडी प्रत दुसऱ्याच्या धडधाकट प्रतीआड झाकली जाते. फक्त झाकली जाते, नाहीशी होत नाही. म्हणूनच हायब्रीड माडाचा नारळ परसात रुजवून 'हायब्रीडचंच रोप' म्हणून शेजाऱ्याला देऊ नये. पुढच्या पिढीत पत्ते पुन्हा पिसले जातात. एक उंच, एक खुरटं, एक नुसतंच पानांचं.

आता खोट्या-खऱ्याची परीक्षा. पाम मंडळींमधली मला सगळ्यात आवडणारी युक्ती हीच आहे. नारळाच्या चंद्रसंकर या जातीत आई असते ठेंगू चावक्काड ऑरेंज, तिच्या झावळ्यांचे देठ नारिंगी. बाप वेस्ट कोस्ट टॉल, देठ हिरवे किंवा तपकिरी. नारिंगी रंग हा दबणारा गुण आहे. मग वाफ्यात रोपं वीतभर झाली की माळी रांगेतून फिरतो आणि फक्त देठ बघतो. हिरवट-तपकिरी देठ म्हणजे बाहेरचा पराग लागला, संकर झाला. देठ नारिंगी म्हणजे पिशवी बांधायला उशीर झाला आणि आईने घरच्या घरी उरकून घेतलं. ती रोपं बाजूला काढली जातात. गंमत अशी की बागेत शोभेला लावायचं तर हे बाद झालेलं नारिंगी देठाचं रोपच जास्त देखणं! ते बादच्या भावात मिळालं तर जरूर घ्या. हायब्रीडच्या भावात मात्र घेऊ नका.

शोभेच्या पामांत सगळ्यात गाजलेला संकर फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरचा. गोल्फ-जुआं इथे नाबोनां घराण्याची गुलाबांची नर्सरी होती. त्यातल्या पॉल नाबोनां यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्यूटिया आणि क्वीन पाम यांचा संकर केला. दोघेही दक्षिण अमेरिकेचे. ब्यूटिया बुटका, निळसर-राखाडी पानांचा, कमानदार, थंडीला न जुमानणारा आणि कासवाच्या गतीने वाढणारा. क्वीन पाम उंच, हिरवागार, भराभर वाढणारा, पण बर्फात कोलमडणारा. अपत्याला क्वीनचा डौल आला, वेगही बराचसा आला आणि शून्याखाली आठ-नऊ अंशांपर्यंत टिकायची ताकद आली. इंग्रजीत त्याला म्यूल पाम म्हणतात, म्हणजे खेचर पाम, कारण त्याचं बी बहुधा पोकळ निघतं. घोडा आणि गाढवाची गुणसूत्रं ६४ आणि ६२, म्हणून खेचराचं गणित ६३ वर अडतं हे आपण शाळेत शिकलो. इथे मात्र दोन्ही पालकांची ३२ आहेत. आकडा जुळतो, तरी पुढच्या पिढीसाठी परागकण किंवा बीजांड घडताना गुणसूत्रं एकमेकांना नीट ओळखत नाहीत आणि बीज धरत नाही. त्यामुळे म्यूल पामचं प्रत्येक रोप आजही हातानेच जन्माला घालावं लागतं आणि अमेरिकेत तो महागच विकला जातो.

मग तो आपण लावावा का? माझं मत स्पष्ट आहे: मुंबई-पुण्यात नको. या झाडाचा सगळा मोठेपणा थंडी सोसण्यात आहे. निफाडला पारा चार-पाचवर आला की आपल्याकडे वर्तमानपत्रात बातमी येते. तेवढी थंडी साधा क्वीन पामही सहज काढतो. जी अडचण आपल्याला नाही तिच्या उपायाला पैसे कशाला मोजायचे? आपल्या अडचणी वेगळ्या आहेत: चार महिने पायाशी पाणी, मग आठ महिने कोरडं, किनाऱ्यावर खारा वारा, घाटावर चुनखडीची जमीन. क्वीन पामचं घाटावर खरं दुखणं चुनखडीचंच आहे. तिथे त्याला मँगनीज मिळत नाही आणि कोवळी पानं होरपळल्यासारखी, चुरगाळलेली बाहेर येतात. संकर निवडताना आधी आपल्या अंगणाची तक्रार काय ते बघावं, मग आईबापांकडे वळावं.

उष्ण आणि दमट हवेसाठी दुसरं एक घराणं आहे आणि ते बहुतेक मोठ्या सोसायट्यांच्या आवारात आधीच येऊन बसलंय. फॉक्सटेल पाम घ्या. हा ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या केप मेलव्हिल भागातल्या प्रचंड दगडधोंड्यांतला. शास्त्रज्ञांनी त्याचं नामकरण केलं १९८३ मध्ये. वोडिएटिया हे नाव तिथल्या वोडिएटी या आदिवासी वृद्धाचं, ज्याला या झाडाची परंपरेने माहिती होती. शास्त्राला कालपरवा कळलेलं हे झाड आज आपल्या प्रत्येक रिसॉर्टच्या फाटकाशी उभं आहे. त्याच्या पानाच्या पात्या दांड्याच्या चहूबाजूंनी फुटतात, म्हणून पान कोल्ह्याच्या शेपटीसारखं झुबकेदार दिसतं. त्याचे जवळचे नातलग म्हणजे पॅसिफिक बेटांवरचा वेइचिया, लाल फळांच्या घोसांचा मनिला पाम आणि बेटं करणारा मॅकआर्थर पाम. फॉक्सटेल आणि वेइचियाचा संकर हवाई आणि फ्लोरिडात 'फॉक्सी लेडी' नावाने लोकप्रिय आहे. त्याचं पान मधलंच असतं: वेइचियासारखं सपाट नाही, फॉक्सटेलइतकं गोल नाही, जरासं विस्कटलेलं. वाढ मात्र जोरदार. उष्ण बागेसाठी हायब्रीड घ्यायचंच असेल तर माझं बोट या घराण्याकडे जाईल.

यातली बरीच मंडळी निसर्गात एकमेकांपासून खूप दूर असतात. आपण त्यांना एका कंपाउंडमध्ये आणून ठेवलं आणि मधमाश्यांना काही कोणी सांगितलेलं नसतं. बागांमध्ये अशी अनाहूत लग्नं होतात. मॅकआर्थरच्या भावंडांत तर इतकी, की बागेतलं बी घेऊन लावलेलं रोप शुद्ध आहे असं छातीठोक सांगणं कठीण.

याला दुसरी, जरा काळजीची बाजू आहे. खजूर, शिंदी, कॅनरी बेटांवरचा जाडजूड खोडाचा पाम ही सगळी एकाच फीनिक्स कुळीतली. नरझाड वेगळं, मादीझाड वेगळं, गुणसूत्रं ३६, आणि आपसातल्या संकरातून येणारी झाडं वांझ नसतात. कॅनरी बेटांवर शोभेसाठी खजुराची झाडं आणून लावली, त्यांचा पराग तिथल्या मूळ पामवर गेला आणि आता शुद्ध स्थानिक झाडं राखणं हेच काम होऊन बसलंय. आपल्याकडे टाउनशिपच्या फाटकांवर क्रेनने उभे केलेले खजूर दिसतात, तेव्हा मला ओढ्याकाठची शिंदी आठवते. तिचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण तिचं बी जमवायचं असेल तर आसपास परका खजूर नाही ना, एवढं बघावं.

लावल्यानंतरचं थोडक्यात. जोमदार हायब्रीड भुकेलाही जोमदार असतो. पालाशची उणीव आधी जुन्या पानांवर नारिंगी ठिपक्यांनी दिसते, कारण झाड तिथलं पालाश काढून कोवळ्या पानाला देत असतं. अशी पानं 'घाण दिसतात' म्हणून माळी सपासप छाटतो आणि झाडाची शिदोरीच तोडतो. पूर्ण वाळल्याशिवाय पान कापू नका. शिवाय ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. तो आतून गाभा पोखरतो आणि शेंडा कलंडेपर्यंत पत्ता लागत नाही. हायब्रीड म्हणून तो कोणाला सोडत नाही. खड्ड्यात रोप कुंडीत होतं तेवढंच खोल बसवा, आणि भिंतीपासून जितकं लांब लावावंसं वाटतं त्याच्या दुप्पट लांब लावा.

बाराशेचं रोप मी घेतलं नाही. आमच्या सोसायटीत फॉक्सटेलच्या रांगेला लागूनच मनिला पाम आहेत. फॉक्सटेलखाली पडलेली पिकली, केशरी-लाल फळं वेचून आणली, गर धुऊन काढला आणि बिया रुजवल्या. बाल्कनीत आता सात कुंड्या आहेत. सहांची पानं एकसारखी. सातवीचं पान जरा रुंद, रंगाने फिकं, पात्यांची टोकं वेगळीच कुरतडल्यासारखी. निव्वळ उन्हाचा फरक असेल कदाचित. शेपटी फुटेपर्यंत काही कळणार नाही, आणि त्याला दोन-तीन वर्षं आहेत. परवा वॉचमनकाका पार्सल द्यायला आले, कुंडीकडे बघून म्हणाले, "हे कशाचं झाड?"

म्हटलं, "आई आपली खालचीच, गेटजवळची. बापाचं नाव अजून लागलेलं नाही."