सायकल हेल्मेट आणि डोक्याची इजा

सायकलवरून पडल्यावर किंवा टक्कर झाल्यावर डोक्यास होणारा आघात सौम्य करणारे शिरस्त्राण. संरक्षणाचे मुख्य काम कवचाखालचा फेसाचा थर करतो. वरचे पातळ प्लॅस्टिक तो थर एकसंध ठेवते आणि डोके रस्त्यावर अडकू न देता घसरू देते. फेस म्हणजे थर्मोकोलचाच अधिक घन प्रकार. तो दबताना चुरडतो व आघाताची ऊर्जा त्या चुरडण्यात खर्ची पडते. पूर्वीच्या चामडी पट्ट्यांच्या टोपीत असा थर नव्हता. 1975 मध्ये बाजारात आलेल्या ‘बेल बायकर’पासून तो रूढ झाला.

चाचणी : युरोपीय मानक ईएन 1078 नुसार हेल्मेट घातलेला कृत्रिम शिरोभाग सपाट ऐरणीवर सेकंदास 5.42 मी. (तासी सु. 19.5 किमी.) वेगाने आदळवतात. हा वेग सु. 1.5 मी. उंचीवरून पडल्याने येतो. शिरोभागाचे मंदन (वेग कमी होण्याचा दर) गुरुत्वत्वरणाच्या 250 पटींपेक्षा जास्त होता कामा नये. अमेरिकी सीपीएससी (ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग) मानकात वेग 6.2 मी. व मर्यादा 300 पट आहे. मंदन पूर्ण वेळ 250 पट राहिले, तर थांबण्यास सु. 6 मिमी. अंतर पुरेल, परंतु फेसाचे मंदन एकसारखे नसते आणि तो पूर्णपणे दबतही नाही, म्हणून थर साधारणतः 20 ते 30 मिमी. ठेवतात. फेस दबण्याची मर्यादा संपली की तो घट्ट होतो व मंदन एकदम वाढते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दुप्पट वेगाला चौपट ऊर्जा शोषावी लागते. मोटारीच्या वेगवान धडकेत हेल्मेटकडून मर्यादितच अपेक्षा ठेवता येते, ती यामुळे.

परिणामकारकतेचा वाद : 1989 मध्ये सिॲटल येथील रुग्ण-नियंत्रण अभ्यासात डोक्याला इजा झालेल्यांपैकी 7 टक्के, तर इतर इजांसाठी तातडीच्या विभागात आलेल्या सायकलस्वारांपैकी 24 टक्के हेल्मेटधारी आढळले. वय इत्यादी घटकांचे समायोजन करून 85 टक्के संरक्षणाचा निष्कर्ष निघाला व तो आकडा दीर्घकाळ उद्धृत होत राहिला. हेल्मेट घालणारे मुळातच सावध असतील, तर समायोजनानंतरही फरक उरतो, असा त्यावरील आक्षेप आहे. ॲटवेल व सहकारी (2001) यांच्या संकलित विश्लेषणात घट सु. 60 टक्के दिसली. एल्विक (2011) यांनी प्रकाशन-पक्षपात (लाभ दाखविणारे अभ्यासच अधिक प्रसिद्ध होण्याचा कल) लक्षात घेऊन त्याचेच पुनर्विश्लेषण केले आणि लाभ कमी दाखविला. ऑलिव्हिए व क्राइटन (2017) यांनी 40 अभ्यास एकत्र केले. त्यांत डोक्याच्या इजेची शक्यता 51, डोक्याच्या गंभीर इजेची 69 व चेहऱ्याच्या इजेची 33 टक्के कमी आढळली, मानेच्या इजेशी संबंध दिसला नाही. अभ्यासांची संख्या पाहता हाच अंदाज अधिक ग्राह्य वाटतो. मात्र हे आकडे शक्यता-गुणोत्तराचे (इजा होणे व न होणे यांच्या प्रमाणांच्या तुलनेचे) असून अपघात झाल्यानंतरचे आहेत. अपघात होण्याची शक्यता त्यांत मोजलेली नाही. सक्तीच्या कायद्यांचा (ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया, 1990, न्यूझीलंड, 1994) प्रश्न यामुळेच वेगळा ठरतो. तेथे सायकल चालविणेच घटले का, यावरही मतभेद आहेत.

परिभ्रमी आघात : तिरप्या धडकेत डोके गर्रकन फिरते व मेंदूच्या ऊतींत कातर-ताण (थर एकमेकांवरून सरकवणारा ताण) निर्माण होतो, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॉलबर्न यांनी 1943 मध्ये मांडले. वरील सरळ पतनाच्या चाचण्या हे मोजत नाहीत. फेस व डोके यांमध्ये काही मिमी. सरकणारा निसरडा थर (उदा., मिप्स ही प्रणाली) हे परिभ्रमण कमी करण्यासाठी असतो.

बसविणे : कडा भुवयांच्या वर सु. दोन बोटे, आडवी असावी. हेल्मेट मागे कलले की कपाळ उघडे पडते. बाजूचे पट्टे कानाच्या पाळीखाली ‘वाय’ आकारात जुळावेत. हनुवटीखाली एक-दोन बोटेच जावीत. पट्टा सैल असल्यास पहिल्याच धक्क्यात हेल्मेट निसटून दुसरा आघात उघड्या डोक्यावर होतो. लहान मुलांनी खेळाच्या साधनांवर चढताना ते काढावे, कारण फटीत अडकल्यास पट्टा गळ्याला फास ठरतो. ईएन 1080 मानकातील आपोआप सुटणारी कडी याचसाठी आहे. चुरडलेला फेस पूर्ववत होत नाही, आणि कवच शाबूत असले तरी आत तडा असू शकतो, म्हणून डोके आदळलेले हेल्मेट बदलतात. काही रंग व द्रावकेही फेस विरघळवतात.