चुरगळलेल्या कोटाची कुळकथा

बुडापेस्टमधल्या फाल्क मिक्शा रस्त्याच्या तोंडाशी २०१४ साली ब्रॉंझचा एक पुतळा बसवला गेला. तो ना राजाचा, ना सेनापतीचा. अंगात ढगळ रेनकोट, एक हात डोक्याशी, जवळ लांब कानांचं बॅसेट हाउंड कुत्रं. हा ‘कोलंबो’ या अमेरिकी टीव्ही मालिकेतला लॉस एंजेलिस पोलिसांचा लेफ्टनंट कोलंबो. हंगेरीशी त्याचा संबंध असलाच तर नटाच्या आडनावापुरता. भूमिका करणारा नट पीटर फाल्क. रस्त्याला नाव आहे ते एकोणिसाव्या शतकातले पत्रकार आणि राजकारणी मिक्शा फाल्क यांचं. दोघे एकाच घराण्यातले असावेत अशी वदंता होती. ती सिद्ध झालेली नाही. पुतळ्याचं त्यावाचून काही अडलं नाही.

टीव्हीवर गुप्तहेर शेकड्यांनी झाले. तरी पेन्सिल हातात घेतलेला चाहता कोलंबोकडे हटकून वळतो. याचं मूळ बरंचसं मालिकेच्या रचनेत आहे असं मला वाटतं. कोलंबोच्या गोष्टीत खून सुरुवातीलाच, आपल्या डोळ्यांदेखत होतो. खुनी कोण हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. ही उलटी मांडणी इंग्रज लेखक ऑस्टिन फ्रीमनने १९१२च्या सुमारास कथांमध्ये वापरली होती. टीव्हीवर तिचा एक वेगळाच परिणाम झाला. ‘कोणी केलं’ हे कुतूहल संपलं की बघायला उरतो तो फक्त तपास करणारा माणूस. तो खिसे कसे चाचपतो, पेन कसं हरवतो, निरोप घेऊन दारापर्यंत जातो आणि परत कसा वळतो, हेच आपण तासभर निरखत बसतो. इतकं निरखलेलं माणूस कागदावर उतरणारच.

कोलंबोचे जनक रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक हे शाळेपासूनचे मित्र. दोस्तोयेव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मधला तपास अधिकारी पोर्फिरी पेत्रोविच त्यांच्या डोक्यात होता: वरून गबाळा, आतून तल्लख, समोरच्याला बोलतं करणारा. १९६०मध्ये एका टीव्ही नाटिकेत कोलंबो पहिल्यांदा दिसला तेव्हा ती भूमिका बर्ट फ्रीडने केली. पुढे त्याचं रंगमंचीय नाटक झालं, त्यात थॉमस मिचेल होता. १९६८च्या टीव्हीपटासाठी बिंग क्रॉस्बीला विचारणा झाली होती, त्याने नकार दिला. मग चाळिशीच्या फाल्कने भूमिका मागून घेतली. १९७१पासून मालिका नियमित सुरू झाली. तिचा पहिला भाग दिग्दर्शित केला तो स्टीव्हन स्पीलबर्ग नावाच्या पंचविशीच्या आतल्या मुलाने.

दारातून परत वळून ‘अजून एकच गोष्ट’ म्हणण्याची लकबही ठरवून आलेली नाही. लिंकने सांगितलेली हकीकत अशी की, नाटक लिहिताना एक प्रवेश तोकडा पडला. कोलंबो तर बाहेर गेलेला. पानं पुन्हा टंकायचा कंटाळा आला, म्हणून लेखकांनी त्याला दारातूनच परत बोलावलं. टंकलेखनाच्या आळसातून इतकी कमाई दुसऱ्या कोणी केली असेल असं वाटत नाही.

बाकीचा ऐवज फाल्कचा. मळकट रेनकोट त्याचा स्वतःचा, १९६६च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ५७व्या रस्त्यावर पावसात अडकल्यावर घेतलेला. प्यूजो ४०३ ही खटारा मोटार त्याने स्टुडिओच्या गाड्यांच्या ताफ्यातून हुडकली. कुत्र्याला मात्र त्याचा आधी विरोध होता. कोट आहे, गाडी आहे, पडद्यावर कधीच न येणारी बायको आहे, आता आणखी किती चाळे, असं त्याचं म्हणणं. मग ते सुस्त, जगाला विटलेलं बॅसेट हाउंड समोर आणलं आणि त्याचा विरोध मावळला. कुत्र्याला नावही मिळालं नाही. सगळे त्याला ‘डॉग’ म्हणतात. आणि नजरेचा तो तिरका, किंचित चुकार रोख? फाल्कचा उजवा डोळा काचेचा होता. कर्करोगामुळे तिसऱ्या वर्षीच तो काढावा लागला होता.

चित्रकाराच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच की चेहरा हुबेहूब जमला नाही तरी चालतं. कोटाची बाह्यरेषा, विस्कटलेले केस, बोटांत सिगारचं थोटूक, आणि माणूस ओळखता येतो. आपल्याकडे १९८५मध्ये दूरदर्शनवर आलेल्या करमचंदचंही तसंच होतं. पंकज कपूरच्या हातात गाजर दिसलं की पुढचं काही सांगावं लागत नसे. शेरलॉक होम्सची गोष्ट थोडी वेगळी. त्याचं रूप १८९१पासून ‘स्ट्रँड’ मासिकात सिडनी पॅजेटच्या चित्रांनी घडवलं आणि नट त्या चित्रांमागून आले. कोलंबोच्या बाबतीत नट आधी आला, चित्रं मागाहून.

त्यातली खरी गंमत अशी की हा नट स्वतःच चित्रकार होता. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कला नाटक करत असताना तो आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये जाऊ लागला आणि मॉडेलसमोर बसून चारकोलने रेखाटनं करण्याचा नाद त्याला कायमचा लागला. विम वेंडर्सच्या ‘विंग्ज ऑफ डिझायर’ (१९८७) या बर्लिनमधल्या चित्रपटात फाल्क फाल्कच म्हणून येतो. चित्रीकरणाच्या फावल्या वेळात वही काढून सोबतच्या एक्स्ट्रा कलाकारांची स्केचेस करतो आणि रस्त्यावरची पोरं त्याला पाहून ‘हा कोलंबो की काय’ म्हणत जातात. चाहता आणि चित्र यांचं नातं इतकं सहज पडद्यावर क्वचितच आलं असेल.

चाहत्यांचं प्रेम कधी कोर्टापर्यंतही गेलं. कोलंबोचं पहिलं नाव संवादांत कधी येत नाही. फ्रेड वर्थ नावाच्या लेखकाने सामान्यज्ञानाच्या आपल्या कोशात ते ‘फिलिप’ असल्याचं मुद्दाम खोटंच छापलं. कोणी माल चोरला तर पकडता यावा, हा हेतू. ‘ट्रिव्हियल पर्सूट’ या खेळात ‘फिलिप’ अवतरला आणि वर्थने १९८४मध्ये ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला. चोर सापडला, दावा मात्र तो हरला, कारण माहितीवर कोणाचा मालकी हक्क नसतो. इकडे चाहत्यांनी मालिकेतल्या कोलंबोच्या ओळखपत्राचं दृश्य थांबवून, मोठं करून पाहिलं. त्यावर ‘फ्रँक’ अशी सही दिसते. निर्माते मात्र अखेरपर्यंत म्हणत राहिले की त्याला पहिलं नावच नाही.

मालिका १९७८मध्ये थांबली, १९८९मध्ये परतली आणि २००३पर्यंत अधूनमधून येत राहिली. एकूण ६९ भाग. फाल्क २०११मध्ये गेला. त्यानंतर जन्मलेली पोरंही आज कोलंबोचे स्टिकर आणि क्रोशाच्या बाहुल्या करतात. कोविडच्या टाळेबंदीत जुने भाग नव्याने पाहिले गेले, त्याचाही यात हात आहे. श्रीमंत, उर्मट खुनी आणि त्यांच्या उंची गालिच्यावर सिगारची राख सांडणारा गबाळा सरकारी नोकर, ही जोडी विशीतल्या प्रेक्षकालाही लगेच भावते. २०२३मध्ये रायन जॉन्सनने ‘पोकर फेस’ ही मालिका आणली. तिच्यात खून आधी दाखवला जातो, नायिका जुनाट गाडीतून भटकते आणि श्रेयनामावलीची पिवळी अक्षरंसुद्धा सत्तरच्या दशकातल्या कोलंबोची आठवण करून देतात. फॅन आर्टच म्हणायचं ते, फक्त कागदाऐवजी स्टुडिओच्या पैशावर काढलेलं.