कोंबडीप्रक्रिया व्यवसायातील कायदेशीर व पर्यावरणीय वाद (ठाणे–नवी मुंबई)

ठाणे–नवी मुंबईत गोठवलेले, पाकीटबंद चिकन मिळते. तरी नाक्यावरच्या दुकानात जिवंत ब्रॉयलर निवडून समोरच कापून घेण्याची सवय टिकून आहे. हे दुकान की कत्तलखाना, हा या व्यवसायातला एक मूळ वाद.

प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० मध्ये माणूस सोडून प्रत्येक सजीव ‘प्राणी’ ठरतो. याच कायद्याखालच्या २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार दिवसाला १० किंवा अधिक प्राणी कापले जातात तो कत्तलखाना, आणि तिथे एका प्राण्याच्या देखत दुसरा कापायचा नाही. गटारीला तर दुकानापुढे रांग लागते आणि पिंजरा सुरीपासून हातभर अंतरावर असतो. २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात हा प्रश्न आला, तेव्हा कोंबडी प्राण्यांतच मोडते, अशी भूमिका तिथल्या सरकारने घेतली. स्कूटरला पाय बांधून उलट्या टांगलेल्या कोंबड्या नेणे हाही क्रूरतेचा गुन्हा ठरू शकतो. पण १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. एवढ्याने कुणाचाही हात थांबत नाही.

कचऱ्याचा प्रश्न याहून बिकट. दोन किलोच्या कोंबडीमागे रक्त, पिसे, आतडी, डोके, पाय मिळून अर्धा किलोहून जास्त माल उरतो. रेंडरिंग प्रकल्पात तो शिजवून त्यातून चरबी आणि पशुखाद्याची भुकटी काढता येते. मात्र दुर्गंधी आवरली नाही तर आसपासच्या वस्तीला खिडक्या उघडणे मुश्किल होते. नाल्यात सोडलेले रक्त कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते, आणि इथले नाले शेवटी खाडीलाच मिळतात. याच ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला.

उघड्यावरच्या आतड्यांवर घारी आणि भटकी कुत्री जमतात. विमान नियम, १९३७ मधील नियम ९१ विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत पक्ष्यांना आकर्षित करणारी कत्तल व घाण टाकणे निषिद्ध ठरवतो; मांसाच्या दुकानांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून बेलापूर, उलवे, पनवेलच्या दुकानदारांसाठी हा नियम नुसता पुस्तकातला राहिलेला नाही.

ग्रामीण भागातला वाद फार्मांचा. १ लाखापर्यंत पक्ष्यांच्या फार्मांना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीतून सूट होती. राष्ट्रीय हरित लवादाने २०२० मध्ये तिचा फेरविचार करायला लावला आणि मर्यादा ५,००० वर आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू आढळला, तेव्हा एक किलोमीटरच्या परिघातल्या सुमारे २५,००० कोंबड्या नष्ट करण्याचा आदेश निघाला.