आपत्तीतील उचल

पूर, आग किंवा अतिवृष्टीने गावाचा संपर्क तुटला असता, जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या मालकीचे धान्य, पाणी, औषध किंवा डोंगा परवानगीवाचून घेणे, आणि त्यासंबंधीचा नैतिक विचार. ‘उचल’ म्हणजे सालदाराने मालकाकडून आगाऊ घेतलेली व पुढे फेडायची रक्कम. फेडण्याचा विचारच नसेल तर ती उचलेगिरी होते. या विषयातील मुख्य भेद हाच आहे.

महाभारताच्या शांतिपर्वात बारा वर्षांच्या अवर्षणात विश्वामित्र चांडाळाच्या झोपडीतून कुत्र्याचे मांस घेतो आणि प्राण राहिले तरच धर्म आचरता येईल, असे सांगतो. ज्याच्या घरातून त्याने घेतले, तोही त्याच दुष्काळातला माणूस होता, हे मात्र विसरता येत नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार भुकेल्यांसाठी उघडले. त्या कथेत विठ्ठल स्वतः विठू महाराच्या रूपाने बीदरला बादशहाकडे जाऊन धान्याची किंमत भरतो. भुकेल्यांना धान्य मिळाले तरी हिशेब चुकता झालाच पाहिजे, असे लोकमानसालाही वाटले.

विदर्भात ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातील मोवाड उद्ध्वस्त केले आणि २०४ माणसे दगावली. ऑगस्ट २०२० अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा ते गडचिरोलीपर्यंतची गावे वेढली. अशा वेळी घरातले धान्य भिजते, चूल पेटत नाही आणि कोरडे राहिलेले किराणा दुकान एखादेच असते. तो दुकानदारही बहुधा पूरग्रस्तच असतो, आणि त्याची उधारीची वही वाहून गेली असेल तर त्याचे नुकसान दुप्पट होते. म्हणून गरजेपुरतेच घ्यावे, शक्यतो चार जणांसमक्ष घ्यावे, काय व किती नेले ते लिहून ठेवावे आणि लहान मुले, बाळंतिणी व आजारी यांना आधी द्यावे. दुबार पेरणीसाठी राखलेल्या बियाण्याला हात लावू नये. त्याने पुढचा हंगाम बुडतो, शिवाय औषध लावलेले बियाणे खाणे जिवावर बेतू शकते.

कायद्यानुसार अप्रामाणिक हेतूशिवाय चोरी होत नाही. भारतीय न्याय संहिता, २०२३ मधील कलम १९ मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतूवाचून व सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देते. प्रत्यक्ष प्रकरणात निर्णय न्यायालयाचा असतो. मदतसाहित्याचा अपहार हा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५३ खाली दोन वर्षांपर्यंत कैदेस पात्र गुन्हा आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ६५ नुसार बचावकार्यासाठी प्रशासनही खाजगी जागा व वाहने ताब्यात घेऊ शकते, मात्र कलम ६६ नुसार त्यांची भरपाई मालकाला द्यावी लागते.