दाताच्या कवळीपासून भेटकार्डापर्यंत

हाताने ठसे उमटवून भेटकार्डं करणारी मंडळी अधूनमधून एक पण करतात: या वेळी नवं काही आणायचं नाही, कपाटात आहे त्याच कागदातून, शाईतून आणि ठशांतून कार्ड करायचं. गंमत अशी, की ठसा मुळात घरात पडलेल्या वस्तूंचाच होता. तो दुकानात गेला कधी?

छापील नाताळकार्डाची कथा बऱ्याच जणांना ठाऊक असते. लंडनच्या हेन्री कोल यांनी १८४३ साली जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेतलं आणि त्याच्या हजारेक प्रती छापल्या. किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी. पत्राला तेव्हा एका पेनीचं तिकीट पुरायचं. टपालाच्या बारापट किमतीचं कार्ड!

ठशाचा इतिहास मात्र याहून मजेदार आहे. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक व्हायचं. गंधक मिसळून तापवलं की ते टिकाऊ होतं, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांच्या १८३९ मध्ये लक्षात आलं. पेटंट मिळालं १८४४ ला. याचा पहिला मोठा फायदा उठवणाऱ्यांत दंतवैद्य होते. ज्यांना सोन्याची कवळी परवडत नव्हती त्यांच्यासाठी कडक रबराची कवळी निघाली आणि दातांच्या दवाखान्यांत रबर तापवायची छोटी बंद भांडी आली. पुढे याच भांड्यांत शिक्के शिजू लागले. कृती साधी होती. छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांची अक्षरं जुळवायची, प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये त्यांचा साचा घ्यायचा, त्यावर कच्च्या रबराची पट्टी दाबायची आणि भांड्यात तापवायची. रबरी शिक्का पहिल्यांदा कोणी केला यावर १८६० च्या दशकातले तीन-चार दावेदार आहेत. त्यांतल्या जेम्स वूडरफ यांचे काका दंतवैद्य होते, असं सांगतात. मला हीच कथा सगळ्यांत पटते. हाताशी जे भांडं होतं त्यातूनच वस्तू निघाली.

पुढची पन्नासेक वर्षं शिक्का कचेरीत राहिला. १९१९ च्या सुमारास जर्मनीत कुर्ट श्विटर्स यांनी असले कारकुनी शिक्के आपल्या चित्रांत उमटवले. १९७० च्या दशकात टपालानेच एकमेकांना कलाकृती पाठवणाऱ्या अमेरिकी कलावंतांनी तेच पुन्हा केलं. मग धंदा आला. १९८८ मध्ये सुरू झालेल्या 'स्टॅम्पिन अप' या कंपनीने ठसे घरगुती मेळाव्यांतून विकले, जणू भांडीच. लाकडी दांड्याच्या रबरी ठशाशेजारी पारदर्शक ठसे आले. ते अॅक्रिलिकच्या ठोकळ्याला चिकटतात आणि कुठे उमटणार ते आरपार दिसतं. सणागणिक नवे संच, नव्या रंगांची पॅडं. कपाट भरलं ते इथे.

जपानची गोष्ट निराळी. तिथे नववर्षाची 'नेंगाजो' कार्डं टपालखातं १ जानेवारीला घरोघर पोचवतं. १९४९ पासून त्यांवर सोडतीचे क्रमांकही असतात. एकेका घरातून डझनांनी कार्डं जायची, तर ती छापणार कशी? रताळं अर्धं कापून त्यावर राशिचक्रातला त्या वर्षाचा प्राणी कोरायचा. नंतर कोरायला खोडरबर आलं. १९७७ मध्ये 'प्रिंट गोक्को' नावाचं घरगुती छपाईयंत्र निघालं आणि ते एक कोटींहून जास्त विकलं गेलं. घरोघरी संगणकाचे प्रिंटर आल्यावर त्याचे दिवस भरले, तरी रताळ्याचा ठसा काही गेला नाही.

आपल्याकडे शाळेच्या चित्रकलेच्या तासाला 'ठसेकाम' होतंच. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल आयतं मिळायचं. बटाट्यावर पान कोरायचं, आणि अक्षर कोरायचं तर उलटं, हे पहिलं कार्ड वाया गेल्यावरच कळायचं. रंग बहुधा कॅम्लिनचा. १९३१ मध्ये दांडेकरांनी मुंबईत शाईच्या पुड्या आणि गोळ्या करून ज्या कंपनीची सुरुवात केली, तीच ही. दिवाळीचं किंवा नववर्षाचं कार्ड तयार झालं की पाकिटाची चिकटपट्टी न चिकटवता नुसती आत खोचायची आणि वर 'बुकपोस्ट' लिहायचं. तिकीट कमी लागायचं. मजकूर चार शब्दांचा ठेवायचा, कारण बुकपोस्टात पत्रासारखा लांब मजकूर चालत नसे.

भेंडीचा ठसा दुसऱ्या दिवशी सुकून जायचा, म्हणून सगळी कार्डं एका बैठकीतच उरकावी लागत. रबरी ठशाला तशी घाई नसते. तो वर्षानुवर्षं टिकतो, आणि म्हणूनच तर कपाटात साठत जातो.