उत्तरकाशी

उत्तराखंड राज्यातील याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण, तीर्थक्षेत्र आणि गढवाल हिमालयातील पदभ्रमण व गिर्यारोहणाचा तळ. लोकसंख्या सु. १७,५०० (२०११). भागीरथीच्या काठी, वरुणावत डोंगराच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सु. १,१५० मी. उंचीवर ते वसले आहे. येथवर लोहमार्ग नाही. हृषीकेश किंवा डेहराडूनहून घाटरस्त्याने यावे लागते. गंगोत्री येथून सु. १०० किमी. पुढे आहे. जुने टेहरी संस्थान उत्तर प्रदेशात विलीन झाल्यावर १९६० मध्ये टेहरी गढवालपासून हा जिल्हा वेगळा करण्यात आला.

गावाचे जुने नाव बाराहाट. त्याच्या प्राचीनत्वाचा भक्कम पुरावा एकच : विश्वनाथ मंदिराच्या आवारातील धातूचा प्रचंड त्रिशूळ. स्थानिक लोक त्याला ‘शक्ती’ म्हणतात. त्याच्या उंचीचे आकडे निरनिराळे दिले जातात. ती ६ मी.हून कमी नसावी. दांड्यावरील संस्कृत लेखानुसार गणेश्वर नावाच्या राजाने येथे उंच शिवमंदिर बांधले व त्याचा मुलगा गुह याने त्यापुढे ही शक्ती उभारली. लेखात शक वा संवत नाही. अक्षरवटिकेवरून (अक्षरांच्या वळणावरून) तो साधारणतः सहाव्या-सातव्या शतकातील मानतात. गोपेश्वर (चमोली जिल्हा) येथील त्रिशूळावरील गणपतिनाग राजाचा लेख याच सुमाराचा असल्याने दोन्ही राजे एकाच घराण्यातील असावेत, असा तर्क केला जातो. मात्र नामसाधर्म्यापलीकडे त्याला फारसा आधार नाही. सध्याचे मंदिर बरेच अलीकडचे असून टेहरीचे राजे सुदर्शन शाह यांच्या राणीने १८५७ च्या सुमारास त्याचा जीर्णोद्धार केला.

सातव्या शतकात आलेल्या युआन श्वांग या चिनी यात्रेकरूने वर्णिलेले ‘ब्रह्मपुर’ राज्य कोठे होते, या वादातही बाराहाटचे नाव येते. मतिपुरहून (बहुधा बिजनौर जिल्ह्यातील मंडावर) उत्तरेस ३०० ली (चिनी अंतरमान) गेल्यावर हे राज्य लागते, असे तो सांगतो. हिमालयीन जिल्ह्यांचा गॅझेटिअरकार अ‍ॅटकिन्सन याने ब्रह्मपुर म्हणजे बाराहाट असे मानले, तर पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम याने ते रामगंगेच्या खोऱ्यातील वैराटपट्टण येथे ठेवले. केवळ दिशा पाहिली तर अ‍ॅटकिन्सनचे मत सरस वाटते, कारण वैराटपट्टण मंडावरच्या उत्तरेस नसून बरेच पूर्वेकडे आहे. परंतु ब्रह्मपुरातून दिलेले द्युतिवर्मा व विष्णुवर्मा या राजांचे ताम्रपट १९१५ मध्ये अलमोडा जिल्ह्यातील तालेश्वर येथे सापडले. ताम्रपट एका जागेहून दुसरीकडे जाऊ शकतात हे खरे, तरी त्यांतील दाने त्याच परिसराशी जुळत असल्याने रामगंगा खोऱ्याचा पक्ष अधिक ग्राह्य ठरतो. स्कंदपुराणातील म्हणून सांगितल्या जाणाऱ्या केदारखंडात वरुणा व असी या नद्यांमधील काशी म्हणून या क्षेत्राचे माहात्म्य आहे. पण त्या भागाचा काळ अनिश्चित असल्याने इतिहासासाठी त्याचा उपयोग मर्यादित आहे.

मध्ययुगाविषयीची माहिती त्रोटक आहे. तिबेटशी चालणाऱ्या व्यापारात नेलंग खोऱ्यातील ‘जाड’ जमातीचे लोक खाली येत. १९६२ च्या युद्धानंतर तो व्यापार थांबला. नेलंग व जादुंग येथील कुटुंबे बगोरी आणि डुंडा येथे स्थायिक झाली. संक्रांतीला भरणारी माघ जत्रा मात्र आजही टिकून आहे.

१४ नोव्हेंबर १९६५ रोजी नेहरू गिर्यारोहण संस्था स्थापन झाल्यावर गावाला नवी ओळख मिळाली. १९६० च्या भारतीय एव्हरेस्ट मोहिमेचे नेते ग्यान सिंग हे तिचे पहिले प्राचार्य. सह्याद्रीत प्रस्तरारोहण शिकलेले मुंबई-पुण्याचे अनेक गिर्यारोहक ‘बेसिक’साठी (प्राथमिक गिर्यारोहण अभ्यासक्रमासाठी) येथेच येतात. हा अभ्यासक्रम सु. चार आठवड्यांचा असतो : आधी टेकला येथील कातळांवर सराव, मग हिमनदीवर. एव्हरेस्टवर पोहोचलेल्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल (१९८४) याच जिल्ह्यातील नाकुरी गावच्या. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा शिखरावर हिमलोट कोसळून संस्थेच्या प्रशिक्षण तुकडीतील २९ जण मृत वा बेपत्ता झाले.

दयारा बुग्याळ (उंचावरील गवताळ कुरण; बारसू वा रैथलमार्गे), दोडीताल (अगोडामार्गे) व गोमुख या प्रमुख पायवाटांसाठी शिधा, भारवाहक व वाटाडे यांची जमवाजमव येथे होते. गोमुखाकडे रोज ठराविक संख्येनेच, वनखात्याच्या परवान्यावर सोडतात. हर की दून व केदारकांठा याच जिल्ह्यात असले, तरी त्यांची वाट डेहराडूनहून मोरी-सांकरीमार्गे जाते. नकाशा न पाहता निघणारे येथे फसतात.

मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे सोयीचे महिने. पावसाळ्यात रस्ता वारंवार बंद पडतो. २० ऑक्टोबर १९९१ च्या भूकंपात या भागात साडेसातशेहून अधिक बळी गेले. सप्टेंबर २००३ मध्ये वरुणावताचा कडा ढासळून बाजारपेठेचा काही भाग गाडला गेला, तर ऑगस्ट २०१२ मध्ये असी गंगेच्या पुराने गंगोरीचा पूल वाहून नेला.